मवाळांचा वारसा आणि आपला मावळ

मावळ प्रांताचा इतिहास म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याशी वाढलेले काटक मावळे उभे राहतात, व ते योग्यच आहे. श्रीशिवछत्रपतींच्या स्वराज्याची आरंभीची पावले याच सह्याद्रीच्या खोऱ्यांतून पडली. पुढे १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रजी फौजेस मराठ्यांनी वडगावापाशी गाठून तह करावयास लाविले, तेही याच मावळात. या पराक्रमाविषयी आजवर पुष्कळ लिहून आले आहे व पुढेही येत राहील. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एका निराळ्या पिढीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. या पिढीच्या हाती तलवार नव्हती. कागद, लेखणी आणि सरकारच्याच अहवालांतून वेचून काढलेले आकडे, एवढीच तिची शस्त्रसामग्री होती. लोकांनी या पिढीस 'मवाळ' असे नाव ठेविले. 'मावळ' आणि 'मवाळ' या दोन शब्दांत काना एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर सरकतो, एवढेच अंतर आहे. परंतु आमच्या भागात मवाळ म्हणजे मिळमिळीत, अर्ज करणारा, सरकारपुढे वाकणारा, अशीच समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती कितपत खरी आहे, हे मावळच्याच भूमीवर उभे राहून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

न्यायमूर्ती रानडे, दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेथा, नामदार गोखले आदी पुढाऱ्यांच्या मागण्या पुष्कळ होत्या. परंतु त्यांतील दोन मावळाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. देशात देशी भांडवलाने उद्योगधंदे निघावेत, ही एक. आणि प्रत्येक मुलास लिहिता-वाचता यावे, ही दुसरी. पहिली गोष्ट लोणावळ्यास आली आणि मोठ्या थाटाने आली. दुसरी वेळेवर आली नाही. या दोहोंच्या ताटातुटीने मावळच्या रयतेचे काय झाले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या पिढीची खरी किंमत करता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

आरंभ पुण्यापासून केला पाहिजे. २ एप्रिल १८७० रोजी पुणे येथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या मनात असलेला असंतोष हे तिचे निमित्त झाले. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या घटनेत होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम करण्यात आला, आणि सुमारे सहा हजार लोकांचे प्रतिनिधी म्हणून पंच्याण्णव सभासद एकत्र आले. ज्या काळी मताधिकार हा शब्ददेखील सामान्य माणसाच्या कानावर पडला नव्हता, त्या काळी लोकांच्या सहीशिवाय लोकांच्या वतीने बोलावयाचे नाही, हा दंडक आपल्या आपण घालून घेणे, ही लहान गोष्ट नव्हे. या सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी. सार्वजनिक कार्यास त्यांनी स्वतःस इतके वाहून घेतले की, लोक त्यांना 'सार्वजनिक काका' याच नावाने ओळखू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबारास हे गृहस्थ हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. १८७१ साली न्यायखात्याच्या कामावर महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेस तिचा विचारवंत लाभला.

या सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांची स्थिती, जमीनसारा, फेरपाहणीनंतर वाढलेले दर यांची चौकशी केली व आपले निष्कर्ष सरकारपुढे मांडले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात तिने ठिकठिकाणी आपले लोक पाठवून प्रत्यक्ष माहिती गोळा केली आणि सरकारी कागदांतील दुष्काळ व खेड्यांतील दुष्काळ यांत किती तफावत आहे, ते दाखवून दिले. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. आज ही कामे आपणांस किरकोळ वाटतील. परंतु त्यापूर्वी रयतेची गाऱ्हाणी मामलेदार कचेरीच्या पायरीवर सांगितली जात आणि तेथेच विरून जात. तीच गाऱ्हाणी आता आकड्यांत बांधली गेली, छापली गेली आणि मुंबईच्या गव्हर्नरापासून विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत जाऊ लागली. तक्रार करणारा कुणबी एकटा नाही, त्याच्यासारखे हजारो आहेत, हे सरकारास प्रथम या आकड्यांनी सांगितले.

याच सुमारास दादाभाई नौरोजी विलायतेत बसून हिंदुस्थानातील माणसाचे दरसाल उत्पन्न किती, याचा हिशेब करीत होते. तो दरडोई अवघा वीस रुपये भरला. ज्या राज्यास लोक ईश्वरी प्रसाद मानीत होते, त्या राज्यात देश दरिद्री होत चालला आहे आणि त्याचे द्रव्य दरवर्षी समुद्रापलीकडे वाहून जात आहे, हे त्यांनी सरकारी कागदांच्याच आधारे सिद्ध केले. पुढे जहालांनी जो अग्नी पेटविला, त्याचे सरपण या हिशेबांनीच पुरविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ उद्भवली, म्हणून ते २८ डिसेंबर रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरविण्यात आले आणि बहात्तर प्रतिनिधी तेथे जमले. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली होती. तेव्हापासून पुणे व मुंबई या दोन शहरांतील पुढाऱ्यांचे जाणे-येणे खंडाळा-लोणावळ्यावरूनच होत असे. मावळातील शेतकऱ्याने आपल्या खाचराच्या बांधावरून त्या गाड्या जाताना पाहिल्या असतील. त्या गाडीत आपल्याविषयी बोलणारी माणसे बसली आहेत, याची त्यास कल्पना असण्याचे कारण नव्हते. हे अंतर होते, आणि त्याविषयी पुढे अधिक लिहावयाचे आहे.

आता मिठाची गोष्ट घ्या. घाटमाथ्यावर मीठ पिकत नाही. कोकणच्या मिठागरांतून ते बैलांच्या पाठीवर घाट चढून मावळात व पुढे देशावर येई. मीठ-भाकरी हेच ज्याचे जेवण, त्या गरिबास मिठावरील कर किती जाचतो, हे वेगळे सांगावयास नको. १८८८ साली सरकारने हा कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा पुण्यातील एक तरुण प्राध्यापक होते. राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून त्यांनी या करावर टीका आरंभिली. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडत आहे, आणि ती शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून गरिबावरील जादा कराची खूण आहे, हे त्यांनी त्या भाषणात आकड्यांनिशी दाखविले. मिठावरील कर उतरवावा, ही त्यांची आग्रहाची मागणी होती. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. पाच वर्षांत अडीच रुपयांचा एक रुपया झाला. हे सर्व एकट्या गोखल्यांच्या भाषणांनी झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्यांना केवळ अर्जदार म्हणून हिणविले जाते, त्यांच्या अर्जाने मावळच्या झोपडीतील मीठ स्वस्त झाले, ही गोष्ट विसरता कामा नये. १९३० साली महात्माजी दांडीस गेले, तेव्हा मिठाचा प्रश्न त्यांनी नव्याने शोधून काढला नव्हता. गोखल्यांना ते आपले राजकीय गुरू मानीत, हे सर्वश्रुत आहे. गुरूने जी गोष्ट कायदेमंडळात बसून मागितली, ती शिष्याने समुद्रकिनारी वाकून मुठीत उचलली.

मवाळ म्हणजे वाकणारा, या समजुतीस छेद देणारा दुसरा प्रसंग १९०१ सालचा आहे. छपन्नच्या दुष्काळाने रयत मोडून गेली होती. साऱ्याची बाकी थकली होती. अशा वेळी मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. बाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लागवडीस देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास राहू नये, अशी त्यात तरतूद होती. सावकारापासून रयतेचे रक्षण करावे, हा आपला हेतू असल्याचे सरकार सांगत होते. विरोधकांचे म्हणणे असे की, जमिनीवरील शेतकऱ्याचा मालकीहक्कच यामुळे नाहीसा होऊन तो सरकारचे कूळ बनेल. बिल घाईने पुढे रेटू नये, लोकमत आजमावावे, ही सूचना सरकारी बहुमताने फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेथा सभागृहातून उठून गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ गोखले व इतर लोकपक्षीय सभासदही उठून गेले. बिल मंजूर झाले. परंतु हिंदी लोकप्रतिनिधींनी सरकारच्या तोंडावर सभात्याग करण्याचा हा प्रसंग त्या काळी अपूर्व होता. ज्यांच्या हाती मतांचे बळ नव्हते, त्यांनी रिकाम्या खुर्च्यांनी आपला निषेध नोंदविला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमची सारी उमर शाळेत गेली, त्यामुळे या विषयाकडे आमची ओढ अधिक आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. गोखले हे स्वतः शाळामास्तर. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी मुलांना शिकविले, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी गिरविले. १९०२ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावरही त्यांच्यातील मास्तर निवृत्त झाला नाही. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवा हे फावल्या वेळाचे काम नसून त्यास जन्म द्यावा लागतो, हे तत्त्व त्यांनी त्या संस्थेच्या सभासदांपुढे ठेविले.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. त्या वर्षीच्या खानेसुमारीत देशातील साक्षर लोक शंभरात सहाच्या आसपास भरले, यावरून त्या बिलाची निकड ध्यानात येईल. बिल अत्यंत सावधपणे लिहिलेले होते. सक्ती एकदम साऱ्या देशात करावयाची नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथेच त्या संस्थेने, तेही सरकारच्या परवानगीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करावी. मुलींना ती पुढे यथावकाश लागू व्हावी. ज्या पालकांची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून अधिक नाही, त्यांच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ साली तो साऱ्या राज्यात लागू केला होता. एका देशी संस्थानिकास जे साधते, ते सार्वभौम म्हणविणाऱ्या सरकारास का साधू नये, हा साधा प्रश्न होता.

सरकारचे उत्तर असे होते की, देश अद्याप सक्तीस तयार नाही. लोकांच्या खुशीनेच शिक्षण वाढविले पाहिजे. जमीनदारवर्गाच्या काही प्रतिनिधींनीही विरोधाचा सूर लावला. गोखल्यांना निकाल आधीच ठाऊक होता. आमच्या पिढीस आपल्या अपयशांनीच देशाची सेवा करावयाची आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या चर्चेत काढले. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली गेली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

वाचकहो, याच काळात आपल्या लोणावळ्यास काय चालले होते, ते आता पाहा. गोखल्यांनी आपले बिल मांडण्यापूर्वी जेमतेम एक महिना, १९११ च्या फेब्रुवारीत, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेचा पायाभरणी समारंभ झाला. जमशेटजी टाटांचे हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर त्यांच्या चिरंजिवांनी पुरे केले. मावळात धो धो पडणारे पावसाचे पाणी लोणावळे, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून अडवावयाचे, ते नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस सोडावयाचे आणि त्यापासून निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ही योजना. तिचे भांडवल देशी होते. रानड्यांनी १८९० साली पुण्यास औद्योगिक परिषद भरविली, तेव्हापासून ते व त्यांचे अनुयायी ज्या गोष्टीसाठी कंठशोष करीत होते, तीच ही गोष्ट. देशी पैसा, देशी धाडस आणि देशाच्याच निसर्गातून मिळविलेली शक्ती! मवाळांच्या अर्थशास्त्राचे ते मूर्तिमंत फळ होते, आणि ते आपल्या मावळात पिकले. १९१५ च्या फेब्रुवारीत ही वीज मुंबईस खेळू लागली. त्याच महिन्यात, १९ तारखेस, पुण्यास गोखल्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणपन्नासाच्या आतले होते.

म्हणजे मावळच्या दारी कारखानदारीचे युग आले, ते शाळेच्या आधी आले. तलाव भरले, तारा ओढल्या गेल्या, मुंबईच्या गिरण्यांचे चात वेगाने फिरू लागले. ज्या गावांची शेते पाण्याखाली गेली, त्या गावांत सरकारी कागद वाचू शकेल असा माणूस शोधावा लागत होता. खाचरांत राब भाजून, आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करून जगणारी ही रयत. तिची जमीन काय भावाने जाते, नुकसानभरपाई म्हणजे काय, तक्रार किती मुदतीत करावयाची, हे तिने कोणाच्या मुखाने जाणावे? कुलकर्ण्याच्या, वकिलाच्या, नाहीतर सावकाराच्या.

याची पुरती प्रचीती लोणावळ्याच्या दक्षिणेस मुळशीच्या खोऱ्यात आली. नीला-मुळेच्या संगमावर टाटांच्या दुसऱ्या कंपनीने धरण बांधावयास घेतले. पन्नासावर गावे व हजारो माणसे त्यात उठणार होती. आरंभी अर्ज-विनंत्या झाल्या, आणि त्या वाया गेल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी पुढारीपण केले. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. कित्येकांना तुरुंग घडला. धरण अखेर झालेच. येथे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला होता. हा कायदा म्हणजे सक्तीच. मालक राजी असो वा नसो, सार्वजनिक हिताच्या नावाने त्याची जमीन घेता येते.

या ठिकाणी आम्ही वाचकांस थोडे थांबण्याची विनंती करतो. १९१२ साली जे सरकार म्हणाले होते की, शेतकऱ्याच्या पोरास शाळेत बसविण्याची सक्ती करण्यास देश तयार नाही, तेच सरकार नऊ-दहा वर्षांच्या आत त्या शेतकऱ्यास त्याच्या वडिलार्जित घरातून उठविण्याची सक्ती करण्यास पूर्ण तयार होते. पाटी देताना ज्यास सक्तीचा संकोच वाटला, त्यास शेत घेताना तो वाटला नाही. गोखल्यांचे बिल हा कलकत्त्याच्या थंड दालनातील पंडिती वाद नव्हता, हे यावरून ध्यानात येते. १९१२ साली सहा वर्षांचा असलेला मुळशीचा मुलगा १९२१ साली पंधरा वर्षांचा झाला होता. बिल मंजूर होऊन यथावकाश त्या खोऱ्यास लागू झाले असते, तर घरी आलेली नोटीस त्या मुलाने बापास वाचून दाखविली असती. त्याने धरण टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपले काय चालले आहे, हे त्या घरास परक्याच्या तोंडून कळले नसते.

येथे जहाल पक्षाचाही उल्लेख न्यायाने केला पाहिजे. आपल्या तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालयही तेथेच होते. राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा १९१० साली सरकारने बंद पाडली. म्हणजे जहालांनी सरकारास न विचारता शाळा काढली, ती बंद झाली. आणि मवाळांनी सरकारास विचारून शाळा मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. दोन वर्षांच्या अंतराने एकाच सरकारने दोन्ही वाटा अडविल्या. जहाल-मवाळांचे भांडण सुरतेस १९०७ साली विकोपास गेले, त्याचे पोवाडे आपण पुष्कळ ऐकतो. लेकरांच्या पाटी-पुस्तकाच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष एकाच दाराशी अडले होते, हे क्वचितच कोणी सांगतो.

मवाळांचे दोष झाकावेत, असा आमचा आग्रह नाही. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी गरजेहून अधिक विश्वास ठेविला. त्यांची उत्तमोत्तम भाषणे इंग्रजीत झाली. ज्या रयतेची ती कैफियत होती, तिला ती समजली नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी तर त्यांच्या हयातीतच या पुढाऱ्यांना खडसाविले होते की, सभांतून रयतेच्या नावाने बोलणाऱ्यांत रयत कोठे आहे? हा प्रश्न बिनतोड होता. आणि सक्तीच्या शिक्षणाचा मानही आधी जोतीरावांचाच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. गोखल्यांचे बिल त्यानंतर एकोणतीस वर्षांनी आले. सार्वजनिक सभेने पन्नास सह्यांचा नियम केला, तो उत्तम होता; पण सही करू शकणारा तो वर्गच मूठभर होता. उरलेल्यांना सही करावयास शिकविणे, हे काम जोतीरावांनी आधी ओळखले आणि गोखल्यांनी उशिरा का होईना, कायद्याच्या भाषेत मांडले. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या, जाती निराळ्या होत्या, बोलण्याचा बाजही निराळा होता. मागणी मात्र एकच ठरली. जातिभेदाने बुजबुजलेल्या आपल्या समाजात हे ऐक्य अधिक मोलाचे आहे, असे आम्ही ज्ञातिबांधवांच्या विशेष नजरेस आणू इच्छितो.

अपयशाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ साली त्याची व्याप्ती लोकल बोर्डांपर्यंत वाढली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प १९५० साली केला. ती मुदत टळली. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. गोखल्यांनी बिल मांडल्यास त्या वेळी नव्याण्णव वर्षे झाली होती. तेराच मते मिळून हरलेला पक्ष शेवटी जिंकला, परंतु मधल्या काळात मावळच्या तीन-चार पिढ्या अंगठा उठवून गेल्या. उशिरा मिळालेल्या न्यायाचा हिशेब या अंगठ्यांनी करावयाचा असतो.

आम्ही मावळातील शाळांत नोकरी केली, तेव्हा भातलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा पडे. मुले बांधावर लहान भावंडे सांभाळीत, गुरे राखीत, नाहीतर आवणात हात घालून रोपे लावीत. हजेरीपटावरील त्या गैरहजेरीच्या खुणा पाहताना आम्हांस अनेकदा गोखल्यांच्या बिलाचे स्मरण होई. कायदा होऊनही शाळा ओस पडते, तर कायदा नसताना काय होत असेल? पण त्याच मुलांपैकी पुढे कोणी तलाठ्याच्या दप्तरातील सातबाराचा उतारा स्वतः वाचू लागला, कोणी ग्रामसभेत उठून पाणीपट्टीचा हिशेब विचारू लागला. हिशेब विचारणारा तो पोरगा सार्वजनिक सभेचा वारस आहे, हे त्यास ठाऊक नसले तरी आपण ओळखले पाहिजे.

आमच्या पाहण्यात असे आले आहे की, गावोगावच्या जयंती-उत्सवांत तलवारीच्या पराक्रमास टाळ्या मिळतात आणि आकड्यांच्या पराक्रमास मिळत नाहीत. शिवरायांच्या मावळ्यांविषयीचा आमचा अभिमान कोणाहून कमी नाही. तथापि लोणावळ्याच्या तलावाच्या काठी सहलीस आलेल्या मुलांस या पाण्याची वीज कोठे गेली, ज्यांची शेते या पाण्याखाली आहेत ते कोण होते, आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा मागणारे बिल कोणी मांडले व ते किती मतांनी पडले, एवढे कोणी तरी सांगावयास हवे. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून वह्या-पुस्तके घेणाऱ्या मुलामुलींना पुस्तकांबरोबर ही हकीकतही मिळावी, अशी मंडळाच्या चालकांस आमची विनंती आहे. एखाद्या रविवारी चार ज्येष्ठांनी मुलांना वळवणच्या बांधावर नेऊन ही हकीकत सांगितली, तरी पुष्कळ होईल. तसे ठरल्यास सांगण्याच्या कामी आम्ही आनंदाने येऊ.